सिनेमातली गाजलेली दृश्यं गावात दाखवायची, तर कोणती आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळच्या गावात तुम्ही वाचनालय बघता. महिन्यातल्या एका शनिवारी प्रोजेक्टर लावून 'जगाच्या सिनेमातली अविस्मरणीय दृश्यं' दाखवायची असं ठरवलंत. नेटवरच्या याद्या बघून तुकडे जमवलेत आणि एकाला एक जोडून लावलेत. सुरुवातीला पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण थोड्याच वेळात खुर्च्यांमधून मोबाईलचा उजेड दिसायला लागला. आता पुढच्या वेळी कोणती दृश्यं घ्यावीत, असं विचारताय.

निवडीत मला खोट दिसत नाही. चंद्राच्या डोळ्यात रुतलेलं रॉकेट, ओडेसाच्या पायऱ्यांवरून गडगडत जाणारी बाबागाडी, न्हाणीघरातला खून, आकाशात भिरकावलेलं हाड आणि पुढच्याच क्षणी तिथं तरंगणारं यान. तुम्ही दिलेल्या यादीतलं एकेक नाव आपल्या जागी बरोबर आहे. घोटाळा कापण्यात झालाय. प्रत्येक तुकडा तुम्ही नेमका त्या क्षणापाशी सुरू केलात आणि क्षण संपला की बंद केलात. विनोदाची शेवटची ओळ तेवढी सांगितली तर कोण हसणार? म्हणून 'कोणतं दृश्य' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. 'त्या दृश्याआधीचं किती दाखवायचं' हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जमलं की निवड आपोआप सोपी होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करतो. समोर शाळेतली पोरं आहेत की शेतावरून आलेली मोठी माणसं, खोलीत अंधार किती होतो, बसणारे मराठी वाचणारे आहेत की कन्नड शाळेत शिकणारे, आवाज पडद्याकडून येतो की मागच्या कपाटावर ठेवलेल्या स्पीकरमधून, यावर बरंच ठरतं. मी सांगतोय ते बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या प्रेक्षकांकडे बघून. पुण्या-मुंबईच्या महोत्सवातला प्रेक्षक वेगळा. तो आधीच वाचून आलेला असतो.

माझं शिक्षण टॉकीजच्या केबिनमध्ये झालं. कार्बनच्या कांड्यांवर चालणारी दोन मशीनं, साधारण वीस मिनिटांचं एक रीळ, आणि रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात उमटणारे टिपके. पहिला टिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला पलटी मारायची. एरवी ऑपरेटरला काम नसतं, तो झरोक्यातून डोकी बघत बसतो. पुढं फिल्म सोसायटीच्या नादाला लागलो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या सोळा एमएमच्या प्रिंट आणून गावोगाव दाखवल्या, तेव्हाही डोकी बघायची सवय गेली नाही.

केबिनमधून मला कळलेली गोष्ट अशी. 'शोले' पुन्हा लागला की निम्मे लोक सिनेमा पाठ असलेलेच असायचे. गाण्याला बाहेर चहा-बिडीला जायचे. पण गब्बर येण्याआधी ते बरोबर आत यायचे, आणि ते 'आधी' म्हणजे गब्बर दिसतो तो क्षण नव्हे. हात हलवत परत आलेले तीन डाकू मान खाली घालून उभे असतात, तिथपासून त्यांना बघायचं असायचं. मग खडकावर फिरणारे बूट, दगडावरून घासत जाणारा पट्टा, पट्ट्याच्या लोखंडाचा आवाज, आणि मग कधीतरी चेहरा. त्याआधी जवळजवळ तासभर त्या माणसाबद्दल दुसरेच बोलत असतात, तो स्वतः पडद्यावर नाही. सिनेमा पाठ असलेल्या माणसालाही ती वाट चुकवायची नव्हती. नुसता चेहरा बघायचा असता तर पोस्टर बाहेर लागलेलंच होतं.

आता तुमच्या उपयोगाचं. सुरुवात चॅप्लिनच्या १९३१ सालच्या 'सिटी लाइट्स'नं करा. बोलपट येऊन स्थिरावले होते तरी चॅप्लिननं हा सिनेमा संवादांशिवाय केला, त्यामुळे आपल्याकडच्या भाषेच्या भानगडीतून तुमची सुटका होते. त्याचं शेवटचं दृश्य जगभरच्या याद्यांत असतं: भटक्याचा चेहरा, तोंडाशी धरलेलं फूल, आणि ते अर्धवट लाजरं, अर्धवट घाबरलेलं हसू. हा चेहरा तुम्ही सुटा दाखवलात तर पोरं म्हणतील, 'बरं मग?' आणि त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून आधी पहिली भेट दाखवा. रस्त्यात गाड्यांची गर्दी. पोलीस नजरेस पडतो म्हणून भटक्या एका मोठ्या मोटारीच्या एका दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या दारातून फुटपाथवर उतरतो. दार बंद झाल्याचा आवाज आंधळ्या फुलवालीला ऐकू येतो. तिला वाटतं, मोटारीतून कुणी श्रीमंत उतरला. ती फूल पुढं करते, खाली पडलेलं फूल चाचपडत शोधते, तेव्हा त्याला कळतं की हिला दिसत नाही. तो शेवटचं नाणं देतो. तेवढ्यात मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार आपटतं, मोटार निघून जाते. तिला वाटतं साहेब सुटे पैसे न घेताच गेले. भटक्या तिथंच उभा, आवाज न करता. या एका गैरसमजावर अख्खा सिनेमा उभा आहे. आंधळ्या मुलीला हा भिकारी श्रीमंत का वाटावा, हे एकही शब्द न वापरता सांगायचं होतं. त्यासाठी चॅप्लिननं या भेटीचे शेकडो टेक घेतले.

शेवटच्या दृश्यात तिला दिसू लागलेलं असतं. ती दुकानातून या फाटक्या माणसाकडे बघून हसते, कीव येऊन त्याला फूल आणि नाणं देऊ करते. नाणं हातात ठेवताना तिची बोटं त्याच्या हातावर थांबतात. डोळ्यांना न पटलेला माणूस बोटांनी ओळखला जातो. हे कळायला पहिली भेट लागतेच लागते. दोन्ही तुकडे मिळून थोडा वेळ जाईल, मधली गोष्ट तुम्ही चार वाक्यांत तोंडी सांगा. मी ही जोडी शाळेतल्या पोरांपासून बचत गटाच्या बायकांपर्यंत दाखवली आहे. बोटं थांबतात त्या वेळी कुणी मोबाईल काढलेला मला दिसला नाही.

दुसरं, 'पथेर पांचाली'. १९५५ सालचा सत्यजित राय यांचा पहिला सिनेमा. यादीत त्याचं नाव असतं 'आगगाडीचं दृश्य': काश नावाच्या उंच गवताच्या पांढऱ्या फुलांचं रान, त्यामागून काळा धूर सोडत जाणारी गाडी, आणि धावणारी दोन पोरं. हा तुकडा तुम्ही लावला होतात, असं तुम्हीच लिहिलंय. किती सेकंदांचा? गाडी दिसते तिथपासूनच लावला असणार.

पुढच्या वेळी भावंडांच्या भांडणापासून लावा. अपूनं दुर्गाच्या पेटीतली चमकी घेतली म्हणून ती चिडते, दोघं पळत सुटतात, आणि भांडता भांडता गावाबाहेर, कधी न आलेल्या रानात पोचतात. राग आपोआप विरतो. तारांचे खांब दिसतात. दुर्गा खांबाला कान लावते, आत काहीतरी गुणगुणतंय. हा आवाज नीट ऐकू गेला पाहिजे, त्यासाठी स्पीकर पडद्याजवळ हवा. मग ती ऊस सोलून चघळते, त्यातला तुकडा अपूला टाकते. आपला भाग उसाचा, त्यामुळे इथं पोरं एकदम ओळखीचं हसतात. बंगाल वगैरे सगळं विसरलं जातं. मग दुर्गा थांबते, कान देते. गाडी अजून दिसत नाही. धावाधाव होते.

इथं एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते, ती दाखवून द्या. धावताना दुर्गा पडते. गाडी जवळून बघायला मिळते ती अपूला. कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो आणि धडधडणाऱ्या चाकांच्या फटींतून पलीकडचा पोरगा दिसतो. या गाडीचा आवाज आधी कितीतरी वेळ आपण घरातून, लांबून, रात्री ऐकलेला असतो. आणि पुढं तापानं फणफणलेली दुर्गा अपूला म्हणते की बरी झाले की पुन्हा गाडी बघायला जाऊ. ती बरी होत नाही. एवढं सगळं त्या धुराच्या रेघेला चिकटलेलं आहे. नुसतीच रेघ दाखवली तर ती सुंदर दिसते, आणि संपते.

या दृश्यामागची एक हकीकत पोरांना जरूर सांगा, हमखास रंगते. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये राय यांनी चित्रीकरणाची सुरुवात याच रानातून केली. थोडंसं काम झालं. आठवड्यानं परत जाऊन बघतात तर गुरांनी सगळी काशाची फुलं फस्त केलेली. पुन्हा फुलं येईपर्यंत पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. कॅमेरा सांभाळणारे सुब्रत मित्र तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे, आधी एकही सिनेमा न केलेले. पुढच्याच सिनेमात, 'अपराजितो'मध्ये, त्यांनी बनारसच्या घराचा सेट स्टुडिओत असूनही वर कापड ताणलं, त्यावर दिवे मारले आणि परतून आलेल्या मऊ उजेडात काम केलं. अंगणात वरून येणारा सावलीतला उजेड असतो ना, हुबेहूब तसा. तुमच्या खोलीत टॉर्च एकदा तोंडावर मारा, मग पांढऱ्या चादरीवर मारून परतवा. फरक पोरांना स्वतःच कळेल.

या शनिवारांत नुसतं बघणं नको, करून बघणंही हवं. त्यासाठी रशियन मंडळी कामाची. कुलेशॉव्हनं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला आलटून पालटून सूपचं ताट, शवपेटी आणि एक बाई अशी चित्रं जोडली. चेहरा तोच. प्रेक्षकांना मात्र त्यात भूक, दुःख, ओढ दिसली. हा प्रयोग मोबाईलवर अर्ध्या तासात होतो. वर्गातल्या एखाद्या शांत पोराचा चेहरा घ्या, 'काही विचार करू नको, नुसता बघ' एवढंच सांगा. पुढं एकदा कुंद्याच्या मिठाईचा उघडा डबा जोडा, एकदा रिकामा पाळणा, एकदा परीक्षेचा निकाल. पोरं आपापसांत वाद घालतील की दुसऱ्या वेळी त्यानं भुवई हलवली होती. नव्हती हलवली.

त्याच्या पाठोपाठ आयझेन्स्टाइनच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधले दगडी सिंह लावा. पायऱ्यांवरच्या कत्तलीनंतर युद्धनौका तोफ डागते आणि क्षणभरात तीन सिंह दिसतात: झोपलेला, डोकं वर केलेला, उठून बसलेला. क्रिमियातल्या एका राजवाड्यातल्या या तीन वेगवेगळ्या मूर्ती. जोडल्यामुळे वाटतं, दगडाचा एकच सिंह खवळून उठला. मला हे पायऱ्यांपेक्षाही जास्त आवडतं, कारण इथं जादू उघडी पडलेली असूनही ती चालते. पायऱ्यांबद्दलही एक सांगून ठेवा. १९०५ साली ओडेसात गोळीबार झाला, माणसं मेली हे खरं. पण पायऱ्यांवरून शिस्तीत उतरणारी शिपायांची रांग आणि ती बाबागाडी ही दिग्दर्शकाची रचना आहे. आज लोकांच्या डोक्यात इतिहास म्हणून तीच बसली आहे. दृश्याची ताकद अशीही असते, आणि तिला भ्यायलाही शिकवलं पाहिजे.

जुन्यांपैकी आपल्या शेजारचंही काही घ्या. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर. तिथं बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, तिथंच १९२९ साली 'प्रभात' सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. शांतारामबापूंच्या 'अमृतमंथन'मधला राजगुरूचा पडदाभर डोळा दाखवा. दामले-फत्तेलालांच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मधलं लोक गरुडावरून वैकुंठाला जाणं काढतात. मी म्हणेन, त्याआधी जिजाई पोराच्या दुखण्यानं वैतागून वहाण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते, तो भाग लावा. ती जमिनीवर इतकी घट्ट उभी आहे म्हणून तर शेवटचं विमान वर जाऊ शकतं. आपल्याकडच्या वारकरी घरांतल्या बाया त्या विमानाला हात जोडतात, पण गप्पा जिजाईच्याच करतात.

उजेडाचं उदाहरण म्हणून 'कागज के फूल'. १९५९, गुरुदत्त, आणि कॅमेऱ्यावर म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती. स्टुडिओच्या अंधारात वरून तिरका उतरणारा उजेडाचा झोत आणि त्यात दोन माणसं. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवर घेऊन आत परतवलं होतं. सिनेमा तेव्हा साफ पडला. मूर्तींना पुढं २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. 'शोले'मध्ये राधा एकेक दिवा मालवत जाते आणि जय बाहेर माउथ ऑर्गन वाजवतो, तेही लावा. संध्याकाळचा तो ठरावीक उजेड रोज थोडाच वेळ मिळतो म्हणून एवढ्याशा दृश्याला वीसेक दिवस गेले. पण त्याच्यासोबत शेवट दाखवायला विसरू नका: जय गेल्यावर हीच राधा खिडकी बंद करते. दिवे मालवलेले बघितले नसतील तर ती नुसती खिडकी आहे.

आता ज्यासाठी तरुण पोरं येतील ते. नागराज मंजुळेंचा २०१३ सालचा 'फँड्री'. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. हा तुकडा मोबाईलवर सगळ्यांनी बघितलेला असतो, 'भारी एंडिंग' म्हणून. मी कधीही तो सुटा लावत नाही. सिनेमाच्या सुरुवातीपासून हा पोरगा गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागं हिंडतोय. तो हात नेम धरायला शिकतोय, तेही प्रेमापोटी, त्या चिमणीची राख शालू या आवडत्या मुलीवर टाकायची म्हणून. मग डुक्कर पकडतानाची ती लांबलचक फजिती येते, गावाचं हसणं येतं. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, हातातोंडाशी आलेलं डुक्कर निसटू लागतं. मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं असतात. राष्ट्रगीतापाशी आपल्याकडे आधी हशा पिकतो. हशा थांबतो तो मात्र एकाच वेळी नाही, खुर्ची-खुर्चीनं थांबतो. मी नेमकं हे बघायला मागं उभा राहतो. ज्या खुर्चीवर तो आधी थांबला त्या पोराला नंतर बोलतं करायचं नाही, हे पथ्य पाळा. त्याला जे कळलंय ते त्याचं आहे.

'सैराट'चा शेवटही असाच. आवाज पूर्ण बंद होतो आणि रक्तात भरलेली बाळाची पावलं उमटत जातात. ती शांतता कुठून आली? पहिल्या अर्ध्या भागात अजय-अतुलनी सिम्फनी वाद्यवृंदाचं संगीत कानांत काठोकाठ भरून ठेवलंय, तिथून. म्हणून यातलं एखादं गाणं अख्खं, मोठ्या आवाजात लावा, लोकांना नाचू दे, आणि त्याच संध्याकाळी शेवट दाखवा. मात्र लहान पोरं असतील तर शेवट नको. 'सायको'चा न्हाणीघराचा प्रसंगही शाळकरी पोरांपुढं मी लावत नाही. मोठ्यांपुढं लावलात तर एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून लावा. संगीतकार हर्मनची ती किंचाळणारी व्हायोलिनं काढली की भीती किती उरते ते बघू दे त्यांना. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता, हे शेवटी सांगा, आधी नको.

काही दृश्यं तुमच्या खोलीत चालणारच नाहीत, मग ती कितीही थोर असोत. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त विहिरीपाशी दोन माणसं उभी आहेत आणि क्षितिजावर मृगजळात एक टिपका थरथरतो. तो टिपका हळूहळू वाढत उंटावरचा माणूस होतो. फ्रेडी यंग यांनी त्यासाठी खास लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती आणि सिनेमा सत्तर एमएमवर होता. तुमच्या प्रोजेक्टरचा उजेड कमी असेल, खिडकीतून संध्याकाळ आत येत असेल, तर तो टिपका पडद्यावर अस्तित्वातच नसतो. लोक दोन मिनिटं रिकामी वाळू बघत बसतात. बेळगावात एका मोठ्या सभागृहात, गडद अंधारात हे लावलं होतं, तेव्हा मागून एक पोरगा दुसऱ्याला दबक्या आवाजात म्हणाला, "थांब बे, टिपका हलूलालाय बघ." तसा अंधार जमत असेल तरच हे घ्या.

ल्यूमिएर बंधूंची स्टेशनात येणारी गाडी आणि मेलिएसचं १९०२ सालचं चंद्रावरचं रॉकेट ही मात्र सुटीच दाखवता येतात, कारण ती मुळातच तेवढी आहेत. गाडी बघून लोक उठून पळाले ही कथा सगळे सांगतात; तिला पुरावा नाही, दंतकथा म्हणूनच सांगा. त्यापेक्षा हे सांगा की ल्यूमिएरांचे खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले, म्हणजे पॅरिसच्या पहिल्या तिकिटाच्या खेळानंतर वर्षही झालं नव्हतं.

भाषेचं आपल्या भागात जपून करावं लागतं. पडद्यावरची अक्षरं कुठल्या लिपीत, यावरून सिनेमा बाजूला राहून भलतीच सभा सुरू झालेली मी बघितली आहे. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन शनिवार मूकपट आणि कमी संवादांच्या दृश्यांचे ठेवा, आणि सांगणारे दोघं ठेवा, एक मराठीतून, एक कन्नडमधून. आणि एक कन्नड सिनेमा जरूर घ्या, सौजन्य म्हणून नव्हे, तो यादीत बसतो म्हणून: गिरीश कासरवळ्ळींचा १९७७ सालचा 'घटश्राद्ध'. नाणी नावाच्या लहान मुलाच्या नजरेतून सगळं घडतं. गाव सोडून जाताना त्याला केशवपन केलेली यमुनाक्का, त्याच्या गुरूंची तरुण विधवा मुलगी, झाडाखाली बसलेली दिसते. त्याआधी तिनं या घाबरट पोराला किती मायेनं सांभाळलंय हे बघितलेलं असलं पाहिजे, इतकंच. आपल्याकडच्या मराठी घरांतल्या बायकांना याचा एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे तुमच्या पुढच्या शनिवारचं माझ्या मते असं व्हावं: तीस तुकडे नकोत, दोन किंवा तीन पुरेत. प्रत्येकाआधीची दहा-पंधरा मिनिटं. मधली गोष्ट तोंडी, थोडक्यात, आणि 'आता बघा काय होतं' असं कधीही म्हणायचं नाही. एक प्रयोग पोरांच्या हातांनी. नंतर 'कसं वाटलं' विचारू नका, त्यावर 'छान' एवढंच उत्तर येतं. 'दुर्गा कुठं होती तेव्हा?' असं नेमकं विचारा.

मशीनचं शेवटचं. टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर 'पथेर पांचाली' मालिकेसारखा दिसतो. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्यात. चित्र ताणून पडदा भरलात तर चॅप्लिन बुटका जाडा दिसेल. परवानगीचं म्हणाल तर आपल्या कायद्यानं चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा 'शोले', 'घटश्राद्ध', 'फँड्री', 'सैराट' यांच्यासाठी हक्कदारांना रीतसर पत्र लिहा. परदेशी सिनेमांचंही विचारून घेतलेलं बरं. आणि 'पथेर पांचाली' घेताना दुरुस्त केलेलीच प्रत घ्या. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत पोळलं होतं, त्यातून वाचवता येईल तेवढं वाचवून २०१५ साली नवी प्रत निघाली. नेटवर फिरणाऱ्या जुन्या धुरकट प्रतीत खांबाची गुणगुण खरखरीत बुडून जाते, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त तीच हवी आहे.